राखीव गड्याचे मोल

प्रश्न : एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या बाद फेरीत नामांकित खेळाडूच अधिक वेळ मैदानात असतात, मग दुय्यम खेळाडूंमुळे निकाल फिरतो का? – एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : निश्चित फिरतो. एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांपर्यंत गाठ असल्याने मुख्य खेळाडूवर दोघा बचावपटूंचा दुहेरी पहारा बसतो आणि मोकळा सुटलेला गडी नेम साधतो का, यावर डाव ठरतो; १९९७ च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात ८६-८६ अशी बरोबरी असताना शिकागो बुल्सच्या मायकेल जॉर्डनने दिलेल्या चेंडूवर त्याचा सहकारी स्टीव्ह कर याने असाच निर्णायक बास्केट केला. २०१५ च्या अंतिम मालिकेत तर हंगामभर राखीव बाकावरून उतरलेल्या आंद्रे इग्वोडालाला १-२ अशा पिछाडीवर गोल्डन स्टेट संघाने सुरुवातीपासून खेळवले, पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि मालिकावीरही तोच ठरला. मात्र ज्या राखीव गड्याचा बचाव कच्चा, त्यालाच प्रतिस्पर्धी हेरतात.