चिपिंग म्हणजे दगड फोडणे नव्हे!

प्रश्न : इंग्लंडमधल्या 'चिपिंग कॅमडन'मधलं 'चिपिंग' म्हणजे काय? आणि 'मार्केट टाउन'ला मराठीत काय म्हणावं?

'चिपिंग म्हणजे दगडाच्या कपच्या काढणे' हे आता तिसऱ्यांदा ऐकतोय. कॉट्सवोल्ड टेकड्यांमधलं हे गाव मधाच्या रंगाच्या चुनखडीत बांधलेलं, म्हणून सहलीचे व्हिडिओ करणाऱ्यांना जिथेतिथे कपच्या दिसतात. त्यांचं सोडा. पण घरात कपाटभर कोश असलेल्या एका जाणत्या गृहस्थांनीही परवा हेच ठोकून दिलं! एखादा उघडायचा तरी.

जुन्या इंग्रजीत 'चेआप' म्हणजे सौदा, देवघेव आणि 'चेपिंग' म्हणजे बाजार. मूळ लॅटिन 'काउपो', म्हणजे खानावळवाला, किरकोळ विक्री करणारा. काही पंडित हे मूळ मानायला कुरकुरतात, कुरकुरोत. या एका दुकानदाराची पिलावळ बघा : जर्मनांचं 'काउफन' म्हणजे विकत घेणे, कोपनहेगन म्हणजे व्यापाऱ्यांचं बंदर, इंग्रजीतला फेरीवाला 'चॅपमन'. त्याचं शेपूट तुटून 'चॅप' झाला. तो आधी गिऱ्हाईक होता, मग कुणीही सोम्यागोम्या.

आणि 'चीप'! 'गुड चीप' म्हणजे चांगला पटलेला सौदा. पुढे 'गुड' गळालं आणि एकटं 'चीप' स्वस्त झालं. तरी लंडनच्या चीपसाइड या जुन्या बाजाररस्त्याला 'स्वस्त वस्ती' म्हणणारे भेटतातच. अहो, तिथे सोनारांची रांग होती!

कॅमडनही काही स्वस्तातलं गाव नव्हे. (स्पेलिंगमधला 'प' कुणी उच्चारत नाही.) बाजाराचा हक्क 1185 च्या सुमारास मिळाला आणि पैसा आला मेंढ्यांच्या पाठीवरून. विल्यम ग्रेव्हेल हा लोकरीचा व्यापारी 1401 मध्ये वारला. चर्चमध्ये त्याच्या थडग्यावरच्या पितळी पत्र्यावर त्याला 'साऱ्या इंग्लंडच्या लोकरव्यापाऱ्यांचं फूल' म्हटलंय, तेही लॅटिनमध्ये. मुख्य रस्त्यावर 1627 चा बाजारमंडप अजून उभा आहे : बाजूंना उघड्या कमानी, वर लाकडी छप्पर, खाली झिजून उंचसखल झालेली दगडी फरशी. लोणी, चीज, कोंबड्या विकायला बसणाऱ्यांसाठी तो बॅप्टिस्ट हिक्स या धनिकानं बांधला.

हां, 'मार्केट टाउन' राहिलंच. 'बाजारपेठेचे शहर' कृपया नको. ते सरकारी फलकासारखं वाटतं. आपल्याकडे 'कसबा' आहे की! जुन्या कागदांत पेठ असलेलं गाव ते 'कसबे' आणि साधं गाव ते 'मौजे'. कॅमडनच्या शेजारी ब्रॉड कॅमडन नावाची वाडी आहे. बाजार ज्या कॅमडनकडे, 'चिपिंग' त्याला. निफाड तालुक्यात जा : कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे, दोन्ही शेजारीशेजारी.