रेघ तुझ्या हातावर, उत्तर भावाच्या फायलीत

'मावशी, मी 27 वर्षांची. धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे, तो 19 चा. दोन महिन्यांवर माझं लग्न आलंय. परवा लक्षात आलं, त्याच्या दोन्ही तळहातांवर जी एकच आडवी रेघ आहे, ती माझ्या उजव्या हातावरही आहे. म्हणजे माझ्यातही ते थोडं आहे का? माझ्या मुलांचं काय? शाईच्या पॅडवर दोघांच्या हातांचे ठसे घेतले. त्याला वाटलं, आम्ही चित्र काढतोय. रोज रात्री भिंग घेऊन बसते आणि होणाऱ्या नवऱ्यापासून हात लपवते.' – मूठ मिटलेली

अगं, आधी मूठ उघड.

हृदयरेषा आणि मस्तकरेषा वेगळ्या न राहता एक झाल्या की ही रेघ दिसते. डाऊन सिंड्रोम असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ती असते. निम्म्यांनाच! आणि ज्यांना कसलाही सिंड्रोम नाही अशा शंभरातल्या दोन-चार जणांच्या एका तरी हातावर ती सापडते. आता हिशेब कर. अशी माणसं जगात इतकी जास्त आहेत की, ही रेघ घेऊन फिरणाऱ्या बहुतेकांचा डाऊन सिंड्रोमशी काही संबंध नसतो. 'थोडं आहे का' याचं उत्तर या रेघेत मिळणार नाही.

भिंगाचं वाचून मात्र मला गंमत वाटली. शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरॉल्ड कमिन्स यांनी 1926 मध्ये हाताच्या रेषा-ठशांच्या अभ्यासाला 'डर्मॅटोग्लिफिक्स' हे नाव दिलं आणि पुढे डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या हातांची ठेवण नोंदवली. भावाचा कागद पुन्हा बघ. बहुतेक बोटांवर करंगळीकडे उघडणारे लूप, म्हणजे वळून मागे फिरणाऱ्या रेषा असतील, गोल चक्रं कमी. अंगठ्याकडे उघडणारा लूप इतरांच्या बहुधा तर्जनीवर असतो, त्याच्या कदाचित अनामिकेवर किंवा करंगळीवर दिसेल. मनगटाजवळ तीन दिशांच्या रेषा जिथे मिळतात, तो बिंदू तळहाताच्या मध्याकडे सरकलेला असेल. हे ठसे आईच्या पोटात दहाव्या आठवड्याच्या सुमारास उमटू लागतात. जादाच्या 21 व्या गुणसूत्रामुळे (गुणसूत्र म्हणजे पेशीतला आनुवंशिक माहितीचा धागा) तेव्हा हाताची वाढ जरा वेगळी झाली, त्याची ही खूण. पण यातलं सगळं प्रत्येकात नसतं, आणि एखादी खूण कुणाच्याही हातावर असू शकते.

1959 मध्ये ते जादा गुणसूत्र सापडलं. (शोधनिबंधावर तीन नावं होती. त्यातल्या मार्थ गोतिए या बाईंचं श्रेय पुढे कित्येक वर्षं झाकलेलंच राहिलं.) तोवर डॉक्टरांची भिस्त अशा खुणांवरच होती. आता रक्त तपासतात, आणि तुझं उत्तरही तिथेच आहे.

आईकडून भावाची जुनी फाइल माग. त्यात 'कॅरिओटाइप', म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, असं लिहिलेला रिपोर्ट शोध. एरवीच्या 46 ऐवजी एकूण 47 गुणसूत्रं आणि 21 वं सुटं तिसरं असेल, तर शंभरातल्या पंचाण्णव जणांसारखंच त्याचं आहे. मग तुझ्या बाळाला असलेली शक्यता तुझ्याच वयाच्या दुसऱ्या कुठल्याही मुलीइतकीच धर. 'ट्रान्सलोकेशन' हा शब्द दिसला, तर मात्र थांब. त्यात 21 वं गुणसूत्र दुसऱ्या एखाद्याला, बरेचदा 14 व्याला, चिकटलेलं असतं. शंभरात तीन-चार जणांचंच असं असतं, पण ते घराण्यातून आलेलं असू शकतं. ठणठणीत माणूसही 45 गुणसूत्रं घेऊन त्याचा वाहक असू शकतो. तेव्हा आईवडिलांची आणि तुझी रक्ततपासणी करून घ्यावी लागेल. वाहक स्त्रीला 14-21 च्या प्रकारात दर गरोदरपणी दहा ते पंधरा टक्के शक्यता असते. हे आकडे जनुकीय समुपदेशकासमोर बसून समजून घे, आणि होणाऱ्या नवऱ्याला बरोबर ने. रिपोर्ट हरवला असेल, तर भावाची तपासणी पुन्हा करता येते.

पण नवऱ्याला हात दाखवायला रिपोर्टची वाट बघू नकोस. आजच दाखव.

आणि तो ठशांचा कागद भावाला देऊन टाक. त्याच्या लेखी ते चित्र आहे ना, मग त्याच्या खोलीत लागू दे.