मेंढीची नडगी आणि पहिला एक्स-रे

सीटी स्कॅनच्या मागे लगेच लागू नकोस. मेंढीच्या नडगीचं मोडलेलं हाड कसं जुळतं यावर काम सुरू करतोयस ना, मग आधी साधा एक्स-रे नीट जमव. सगळ्यात जास्त घोळ कोनात होतो: पाय जरा फिरला की कॅलस (मोडलेल्या जागी हाड जोडणारा नवा भाग) वाढल्यासारखा दिसतो आणि आपण उगाच खूश! मी फोमला खाच कापून घेतली होती. दर वेळी खूर त्यातच.

– ऑपरेशन झाल्या झाल्या पहिली फिल्म काढ. नाहीतर तुलना कशाशी करणार?
– समोरून आणि बाजूने, दोन्ही. एकात हाडाला लावलेल्या प्लेटमागची कड झाकली जाते.
– मापाची गोळी (ठरावीक आकाराची, फिल्मवरची मापं काढायला) हाडाच्याच उंचीवर धर, टेबलावर नको.

पहिल्या आठवड्यात काही दिसलं नाही तर घाबरू नकोस, कोवळ्या कॅलसमध्ये कॅल्शियम फारसं नसतं. हाड किती जुळलंय याचे गुण देताना मात्र फिल्मवरचा आठवडा झाकून ठेव. हाडाच्या चार कडा (दोन्ही बाजूंच्या फिल्ममध्ये दोन-दोन), प्रत्येकीला १ ते ३ गुण.