आगीचा लाल ठिपका, उजनीचे उणे टक्के आणि तुमचा गट नंबर

शेतकरी बंधू-भगिनींनो,

ऊसतोड उरकत आली आहे, माळावरचं गवत वाळलंय आणि कालव्याच्या पाळीची चौकशी सुरू झाली आहे. अशा दिवसांत आलेले तीन प्रश्न मोबाइलवरच्या नकाशांविषयी आणि आकड्यांविषयी आहेत.

प्रश्न (नान्नज परिसर, उत्तर सोलापूर): साहेब, उपग्रहाच्या नकाशात माझ्या गटावर आगीचा लाल ठिपका दिसतोय. मी पाचट पेटवलेलंच नाही. असं कसं? आणि माळावरून येणारी आग आधी कळू शकते का?

उत्तर: तुमचं म्हणणं खरं असू शकतं आणि उपग्रहाचंही. नासाच्या या नकाशातले बरेचसे ठिपके ‘व्हीआयआयआरएस’ या उपकरणाचे असतात. ते जमिनीचा ३७५ मीटर लांब-रुंद तुकडा एकदम पाहतं, म्हणजे सुमारे ३५ एकर. तेवढ्यात कुठेही पुरेशी उष्णता दिसली की ठिपका त्या तुकड्याच्या मधोमध पडतो. आग शेजारच्या बांधावर असली तरी ठिपका तुमच्या गटावर येऊ शकतो. विटभट्टीचाही ठिपका पडतो. म्हणून एवढ्यावरून कुणी शेजाऱ्यावर आळ घेऊ नये.

वेळही नीट वाचा. या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. नकाशातले ८ वाजून १० मिनिटं म्हणजे आपल्याकडे दुपारचे १ वाजून ४० मिनिटं. हे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी पाचला पेटून सातला विझलेली आग त्यांना सापडत नाही. त्यामुळे नकाशा कोरा असला म्हणून शिवारात आग लागलीच नाही, असं होत नाही.

खात्री करायची असेल तर ‘सेंटिनेल-२’ या उपग्रहांनी काढलेली चित्रं पाहा, ती मोफत आहेत. त्या चित्रातला सर्वांत बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र मिळतं. आगीच्या आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं, की जळालेला काळा पट्टा कोणत्या बांधापर्यंत आहे ते दिसतं. मात्र आभाळ निरभ्र हवं.

आता अंदाजाचं. आग कुठे लागेल हे कुणीच सांगू शकत नाही, कारण ती बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागते. लागली तर किती झपाट्याने पसरेल, हे मात्र तापमान, हवेतली आर्द्रता, वारा आणि पाऊस या चार गोष्टींवरून काढता येतं. आपल्या माळासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा: वाळलेलं गवत भिजलं तरी तास-दोन तासांत पुन्हा सुकतं. सकाळी दव होतं किंवा काल शिंतोडे पडले, यावर विसंबू नका. दुपारची आर्द्रता खाली आणि वारा जोरात, असा दिवस असेल तर बांधावर काडीसुद्धा ओढू नये. हे आकडे महसूल मंडळातल्या ‘महावेध’ हवामान केंद्रावर मोजले जातात.

नान्नजच्या माळरानावर माळढोकासाठी राखलेलं अभयारण्य आहे. काळवीट आणि लांडगेही तिथेच राहतात. आग दिसली तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर लगेच कळवा. आणि पाचट? ते सरीत दाबा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून ओल द्या. ज्या जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तिथे ओल धरून ठेवणारं आच्छादन जाळणं मला फार जिवाला लागतं.

प्रश्न (माढा तालुका): उजनी ‘उणे २० टक्के’ झाली म्हणजे धरणात पाणी संपलं का? नवी लागण करू का?

उत्तर: संपलेलं नसतं. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्याची, म्हणजे सुमारे ५३.५७ टीएमसीची (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी). त्याखाली सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे. उणे २० टक्के म्हणजे मृतसाठ्यातलं सुमारे १०.७ टीएमसी गेलं आणि जवळपास ५३ टीएमसी उरलं. पण हा दिलासा उसासाठी धरू नका. त्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा. शिवाय साठ्याचा आकडा पाणीपातळी आणि तक्त्यावरून काढतात. गाळ साचत गेला तसा तक्ता आणि प्रत्यक्ष पाणी यांत फरक पडतो. उपग्रहाला पाण्याचा पसारा दिसतो, खोली दिसत नाही.

पाटपाण्यावर उसाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी लागतं. धरण उणेत असताना विहिरीचा आणि ठिबकचा भरवसा नसेल, तर लागण थांबवा, असंच मी सांगेन.

प्रश्न (मंगळवेढा तालुका): मोबाइलवर २० मिलिमीटर पाऊस दाखवला, आमच्या रानात थेंब नाही. विहिरीचं पाणीही उपग्रहावरून कळतं म्हणतात, ते कसं पाहायचं?

उत्तर: वळवाचा पाऊस एका शिवारात पडतो आणि दुसरं कोरडं राहतं. मोबाइलवरचा आकडा तुमच्या मंडळाच्या हवामान केंद्राचा असेल, तर ते केंद्र तुमच्या रानापासून काही कोसांवर असू शकतं. उघड्या जागी सपाट बुडाचं, सरळ उभ्या बाजूंचं भांडं ठेवा आणि पट्टीने पाणी मोजा. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर.

भूजल पाहणारे ‘ग्रेस’ उपग्रह शेकडो किलोमीटरच्या प्रदेशाचा कल सांगतात. एका विहिरीसाठी त्यांचा उपयोग नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्याच महिन्यांत तुमचीही मोजा. सकाळी मोटर सुरू करण्याआधी, काठावरच्या एकाच खुणेपासून, दोरीला वजन बांधून. तारीख आणि खोली वहीत लिहा. मार्चचा आकडा मागच्या मार्चशी ताडून मगच उन्हाळी पिकाचं क्षेत्र ठरवा.