गॅरेजच्या जुन्या कोब्यावर इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचा कडक लेप) लावायचं आहे. दुकानदार म्हणतो, ॲसिडने धुऊन थेट लावा. चालेल का?

नाही. सुटलेल्या इपॉक्सीचा पोपडा उलटा करून बघा, मागे बहुतेक वेळा सिमेंटचा करडा पापुद्रा चिकटलेला दिसेल. म्हणजे इपॉक्सीने पकड सोडलेली नसते, कोब्याचा वरचा थरच उचललेला असतो. आपल्याकडे ओल्या कोब्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून गुळगुळीत घोटतात. दिसायला छान, पण हा थर कच्चा असतो आणि तो काढावाच लागतो.

आधी ओल तपासा. दीड बाय दीड फुटाचं जाड प्लॅस्टिक चारही कडांना टेप लावून 24 तास ठेवा. असे दोन-तीन तुकडे लावा, त्यातला एक भिंतीलगत. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट पडला तर काम थांबवा, कारण खालून येणाऱ्या वाफेला इपॉक्सीतून वाट मिळत नाही आणि फुगे येतात. भिंतीच्या तळाशी पांढरा क्षार फुललेला असेल तर उन्हाळ्यातल्या चाचणीवर विसंबू नका.

मग तेल. कच्चा थर ग्राइंडर मशीनने घासून काढण्याआधीच हे काढायचं, नाहीतर मशीन ते सगळीकडे फासतं. डिग्रीजर (तेल काढणारं द्रावण) किंवा गरम पाण्यात धुण्याचा सोडा घेऊन कडक ब्रशने घासा आणि पाणी वायपरने बाहेर काढा. वाळल्यावर डागावर पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात मुरले तर ठीक, मण्यासारखे उभे राहिले तर पुन्हा धुवा. खोल मुरलेलं तेल असेल तिथला भाग छिन्नीने काढून इपॉक्सी मॉर्टर (इपॉक्सीत वाळू कालवलेला माल) भरा.

ॲसिड तेलावर काम करत नाही, नीट धुतलं नाही तर क्षार मागे ठेवतं आणि बंद जागेत त्याच्या वाफेने शटर व अवजारं गंजतात. त्यापेक्षा फ्लोअर ग्राइंडर भाड्याने आणा, 30-40 ग्रिटचे (म्हणजे खरबरीत) डायमंडचे तुकडे लावून. कडांना हँड ग्राइंडरवर कप व्हील (वाटीसारखं घासायचं चाक) वापरा. व्हॅक्यूम जोडा आणि एन-95 मास्क घाला. ही धूळ सिलिकाची आहे. हात फिरवल्यावर कोबा 100-120 नंबरच्या पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला पाहिजे. मार्बल पॉलिशवाल्याला बोलावलंत तर पहिल्या खरबरीत खड्यावरच थांबवा. त्याला चकाकी आणायची सवय असते, इथे तीच नडते. शिवाय ओलं घासल्यावर उरलेला रबडा लगेच धुवा, वाळला की नवा कच्चा थर तयार.

भेगा व्ही आकारात उघडून इपॉक्सी आणि क्वार्ट्झ वाळूने भरा. स्लॅबचे मुद्दाम ठेवलेले जॉइंट मात्र कडक मालाने बुजवू नका, तिथे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे लवचिक माल भरा.

झाडूने धूळ जात नाही. दोनदा व्हॅक्यूम करा. प्रायमर संध्याकाळी, कोबा थंड होत असताना मारा. सकाळी तापत्या कोब्यातली हवा वर येऊन टाचणीएवढी भोकं पाडते. प्रायमर वाळल्यावर कुठे कोरडे, फिके पट्टे दिसले तर तिथे दुसरा हात द्या, मगच इपॉक्सीचा कोट.