कमांड-लाइन टूलची हेल्प किती सविस्तर असावी? ती मराठीत लिहावी का?

आपण विचारले आहे की कमांड टाइप करून चालवायच्या टूलची हेल्प, म्हणजे ते कसे वापरायचे हे सांगणारा त्यातलाच मजकूर, एका स्क्रीनमध्ये मावावी की सविस्तर असावी, आणि ती मराठीत चालेल का. लांबीचा वाद मला निरर्थक वाटतो. माझ्या एका ओळीने जे नुकसान केले, ते ती ओळ आखूड होती म्हणून नव्हे, तर तिच्यात काहीच सांगितलेले नव्हते म्हणून.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत असताना, बाहेरच्या डिस्कवरची पॅटर्नची (साचे बनवायच्या नमुन्यांची) ड्रॉइंग रोज रात्री दुसऱ्या मशीनवर उतरवण्यासाठी मी आरसिंक या फायली कॉपी करणाऱ्या टूलच्या आधाराने एक स्क्रिप्ट लिहिली होती. तिच्या हेल्पमध्ये ‘--मिरर : मिरर करते’ एवढेच होते. आत मी आरसिंकचा ‘--डिलीट’ हा पर्याय वापरला होता, म्हणजे मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते पलीकडूनही पुसले जाणार. हे मला पाठ असल्यामुळे लिहावेसे वाटले नाही. एका रात्री ती डिस्क बिघडली आणि माउंटच झाली नाही, म्हणजे मशीनला जोडलीच गेली नाही; तिच्या जागी नुसता रिकामा फोल्डर उरला. रात्रपाळीच्या नव्या मुलाने हेल्प उघडली, ती ओळ वाचली आणि कमांड चालवली. मूळ फोल्डर रिकामा, म्हणून बॅकअपही रिकामा. सकाळी साहेबांनी त्याला सर्वांसमोर सुनावले, “हेल्प वाचाय येत न्हाई काय रं?” त्याने ती वाचली होती हे मला ठाऊक होते, तरी मी गप्प बसलो. पुढचे तीन आठवडे तेलकट प्रिंटांवरून ड्रॉइंग पुन्हा काढण्यात गेले.

म्हणून माझे मत असे की जो पर्याय काही पुसतो, त्याच्या वर्णनात ‘पुसते’ हे क्रियापद आलेच पाहिजे आणि त्याच ओळीत ‘--ड्राय-रन’ने, म्हणजे प्रत्यक्ष काही न बदलता काय होईल ते दाखवणाऱ्या पर्यायाने, आधी पाहून घेण्याची सूचना असली पाहिजे. उदाहरणे पर्यायांच्या यादीआधी द्यावीत. आरसिंकमध्ये मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर फक्त आतल्या फायली जातात, न दिल्यास फोल्डरही जातो. हा फरक परिच्छेदभर समजावण्यापेक्षा दोन कमांड शेजारी दाखवल्या की उमगतो. मागितलेली हेल्प स्टँडर्ड आउटपुटवर (टूलच्या नेहमीच्या उत्तराच्या वाटेने), शून्य एक्झिट कोडसह (म्हणजे ‘सगळे ठीक’ या खुणेसह) द्यावी, म्हणजे ती पाइपने थेट ग्रेप या शब्द शोधणाऱ्या टूलकडे देता येते; चुकीच्या पर्यायावर मात्र पानभर हेल्प न ओतता, काय चुकले ते स्टँडर्ड एररवर (चुकांच्या वेगळ्या वाटेने) एका ओळीत सांगावे.

“हेल्प म्हणजे बालवाडी नव्हे,” असे साहेब म्हणत. बालवाडीत निदान विस्तवाला हात लावू नये एवढे तरी सांगतात.

मराठीविषयी: वर्णन मराठीत अवश्य लिहा, पर्यायांची नावे मात्र रोमनच ठेवा. अनेक टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडक्यांत) जोडाक्षरांमुळे रकाने सरकतात, तेव्हा वर्णन पर्यायाच्या खाली, नव्या ओळीवर घ्यावे. स्क्रिप्ट आपण एकटेच वापरणार असाल तर यातले बरेचसे सोडून दिले तरी चालेल. माझीही सुरुवातीला मी एकटाच वापरत होतो.