वाचकांचे प्रश्न : वजीर देण्याची चाल सुचावी कशी?

प्रश्न : बुद्धिबळाच्या एका कोड्यात पुढील स्थिती दिली होती (अक्षर म्हणजे पांढऱ्याच्या डावीकडून मोजलेली उभी ओळ, अंक म्हणजे त्याच्या बाजूने मोजलेली आडवी ओळ). पांढरे : राजा सी1, वजीर बी3, हत्ती डी1, उंट जी5, प्यादी ए2, बी2, सी2, ई4, एफ2, जी2, एच2. काळे : राजा ई8, वजीर ई6, हत्ती एच8, उंट एफ8, घोडा डी7, प्यादी ए7, ई5, एफ7, जी7, एच7. पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात करायची होती. दोन्ही वजीर एकाच कर्णावर समोरासमोर असल्यामुळे मी वजिराने वजीर मारला आणि तिथेच अडकलो. उत्तरातील ‘वजीर बी8’ ही चाल पाहिल्यावर पटली; पण ती स्वतःहून सुचावी कशी? शिवाय माझ्या डावांत मी केलेली बलिदाने बहुधा वाया जातात, ते का?

उत्तर : आपले कोडे म्हणजे पॉल मॉर्फी यांनी 1858 साली पॅरिसच्या ऑपेरागृहात ब्रन्सविकचे ड्यूक आणि काउंट इसुआर या जोडीविरुद्ध खेळलेल्या डावातील, पांढऱ्याच्या सोळाव्या चालीपूर्वीची स्थिती आहे. या क्षणी मॉर्फी यांच्याकडे दोन प्यादी अधिक असली, तरी एक घोडा कमी आहे. त्यामुळे वजिरांची अदलाबदल होताच हल्ला विझतो आणि घोड्याची उणीव तेवढी शिल्लक राहते.

वजीर कुठे द्यावा, या प्रश्नापासून सुरुवात केली तर ही चाल सापडणे कठीण आहे. त्याऐवजी काळ्या राजाभोवतीची घरे एकेक करून पाहावीत. एफ7 वर त्याचेच प्यादे आहे, एफ8 वर त्याचाच उंट आहे, आणि ई7 व डी8 ही दोन्ही घरे जी5 वरच्या उंटाच्या माऱ्यात आहेत. म्हणजे पांढरा हत्ती डी8 वर पोहोचू शकला, तर राजा त्याला मारू शकणार नाही आणि पळूही शकणार नाही. मात तयारच आहे. वाट अडवली आहे ती केवळ डी7 वरच्या घोड्याने. आता खरा प्रश्न समोर येतो : हा घोडा तिथून हलवायचा कसा? जो शह फक्त घोड्यानेच मोडता येईल, असा शह देऊन. असे घर बी8 आहे, आणि तिथे जाऊ शकणारा मोहरा वजीरच आहे.

इथे आनंदाच्या भरात पुढे जाऊ नये. बी8 वरून शह मिळाल्यावर काळ्याकडे दुसरे काही नाही ना, हे तपासण्यातच कोडे सोडवण्याचे खरे काम आहे. राजाला डी8 वर वजीर येऊ देत नाही आणि ई7 वर उंट. काळा वजीर सी8 वर आडवा आला असता, पण त्याची वाट त्याच्याच घोड्याने डी7 वर बंद केली आहे. हा घोडा दोन्ही बाजूंना अडवतो आहे, ही या स्थितीतील मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे. परिणामी काळ्याकडे नियमाने एकच चाल उरते, ती म्हणजे घोड्याने वजीर मारणे. आणि त्यावर हत्ती डी8 ही मात आहे, कारण शेजारच्या घरातून दिलेल्या या शहात मध्ये यायला जागा नाही आणि ई6 वरचा वजीर डी8 ला पोहोचत नाही.

आपल्या डावांतील बलिदाने वाया का जातात, याचे उत्तर एका छोट्या बदलातून मिळेल. जी5 वरचा उंट मनातल्या मनात ई3 वर ठेवा आणि तीच चाल खेळून पाहा. आता वजिराच्या शहावर राजा ई7 वर निघून जाऊ शकतो, आणि घोड्याने वजीर मारला तरी डी8 वर आलेला हत्ती राजा सरळ खाऊन टाकतो. वजिराची चाल तीच असूनही तिच्यामागचा आधार गेला आहे. प्रतिस्पर्धी आपल्याला हवी तीच चाल खेळेल असे धरून चालणे, ही चूक आपल्याकडून होत असावी. म्हणून उत्तर पाहण्यापूर्वी काळ्याच्या सर्व संभाव्य चाली कागदावर लिहून काढण्याची सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

मात्र प्रत्येक बलिदान अडसर दूर करण्यासाठीच असते, असे समजू नये. काळा राजा एच8 वर, हत्ती एफ8 वर, प्यादी जी7 व एच7 वर. पांढरा वजीर सी4 वर आणि घोडा एच6 वर, अशी मांडणी करा. येथे वजीर जी8 वर जाऊन शह देतो. घोड्याचा आधार असल्यामुळे राजा त्याला मारू शकत नाही, हत्तीला मारावेच लागते, आणि मग घोडा एफ7 वर येऊन मात करतो. पहिल्या कोड्यात काळ्याचा मोहरा वाटेतून हटवला होता. येथे काळ्याचाच हत्ती मुद्दाम राजाच्या शेजारी बोलावून त्याची सुटकेची शेवटची जागा भरून टाकली आहे.